छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बांधवांसाठी प्रार्थना: गोव्यातल्या मंडळ्यांनी वर्षभर काय करावं, कसं करावं

नोव्हेंबरचा पहिला किंवा दुसरा रविवार हा छळ सोसणाऱ्या मंडळीसाठी प्रार्थनेचा आंतरराष्ट्रीय दिवस. १९९६ पासून तो जगभर पाळला जातो. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी पडद्यावर दहा मिनिटांची चित्रफीत दाखवतात, पाळक किंवा फादर एक लांब प्रार्थना करतात, दोन-चार जण डोळे पुसतात आणि पुढच्या रविवारी नाताळच्या नाटुकल्याच्या तालमी सुरू होतात. विषय बंद, तो थेट पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.

याचं कारण लोकांची अनास्था नाही. एका दिवसात पन्नास देश सांगितले तर ऐकणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही, हे खरं कारण. म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचना एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत: एक ठिकाण निवडा, त्याला वर्षभर धरून राहा आणि आठवणीचा दिवस ठरवून टाका. बाकी नकाशे, दिवे, कार्डं ही साधनं. झेपतील ती घ्या.

ठिकाण कसं निवडायचं

ऑक्टोबरमध्ये चार-पाच जणांनी एकत्र बसावं. त्यात निदान एक तरुण आणि एक महिला मंडळातली बाई असावी. समोर दोन-तीन भरवशाचे अहवाल ठेवा. ‘ओपन डोअर्स’ ही संस्था दर जानेवारीत पन्नास देशांची ‘वर्ल्ड वॉच लिस्ट’ काढते. ‘एड टू द चर्च इन नीड’चा धर्मस्वातंत्र्याचा अहवाल दर दोन वर्षांनी येतो आणि त्यात इतर धर्मीयांच्या छळाचीही नोंद असते. भारतातल्या घटनांसाठी ‘इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया’चा धर्मस्वातंत्र्य आयोग वार्षिक अहवाल काढतो.

देश निवडू नका, देशातलं गाव निवडा. ‘पाकिस्तान’ म्हटलं की मनात क्रिकेट आणि सीमा येते. ‘फैसलाबादजवळचं जरांवाला, जिथे १६ ऑगस्ट २०२३ रोजी ईश्वरनिंदेच्या आरोपावरून जमावाने चर्च आणि ख्रिस्ती वस्तीतली घरं जाळली’ असं म्हटलं की माणसं दिसू लागतात. नायजेरियातलं ओवो हे गोव्याला जवळचं वाटावं असं आणखी एक नाव. ५ जून २०२२ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, तिथल्या ज्या चर्चवर हल्ला झाला ते सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं आहे. जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरपासून याच संताची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालते आणि ३ डिसेंबरला फेस्त असतं. नोव्हेनाच्या एका दिवशी ओवोच्या त्या चर्चसाठी एक विनंती जोडायला काहीच खर्च नाही आणि ती कोणाला परकीही वाटणार नाही.

मंडळी लहान असेल, तीस-चाळीस जणांची, तर एकच ठिकाण घ्या. मोठ्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, वाड्यावाड्याला वेगळं ठिकाण देता येतं, पण प्रत्येक वाड्यात ते सांभाळणारं माणूस असेल तरच. जबाबदार माणूस नसलेलं ठिकाण दोन महिन्यांत मरतं.

बातमीची खात्री

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. ‘भारतात काल रात्री बौद्ध अतिरेक्यांनी वीस चर्च जाळली, प्रार्थना करा’ हा संदेश २०१० च्या सुमारापासून जगभर फिरतो आहे. अफगाणिस्तानात ‘उद्या दुपारी’ मिशनऱ्यांना मृत्युदंड होणार असल्याचा दुसरा एक संदेशही तितकाच जुना. ती ‘उद्याची दुपार’ काही आलेली नाही. असली विनंती वेदीवरून वाचली गेली आणि नंतर खोटी निघाली की पुढच्या खऱ्या बातमीवरचाही विश्वास उडतो.

तीन गोष्टी तपासा. संदेशात तारीख आहे का, की नुसतं ‘काल’ आणि ‘आज रात्री’ आहे? गावाचं नाव नकाशावर सापडतं का? आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ठिकाणी ती बातमी आहे का? दहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आली म्हणजे दहा साक्षीदार झाले असं नव्हे. तपास होईपर्यंत थांबायला जीव होत नसेल तर नाव-गाव न घेता प्रार्थना करा. देवाला पत्त्याची गरज नसते.

हे काम तरुण संघाकडे द्यावं. महिन्याला एक फिरता संदेश घेऊन त्याचं मूळ शोधायचं आणि पाच मिनिटांत सगळ्यांना सांगायचं. प्रवचनापेक्षा मुलं यात जास्त रमतात.

आता सुरक्षेचं. बातमी खरी असली तरी सगळी सांगायची नसते. ज्याची ओळख संस्थेने किंवा वृत्तपत्रांनी आधीच उघड केलेली नाही, अशा माणसाचं पूर्ण नाव, फोटो किंवा गाव तुमच्या फेसबुकवर, यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणात किंवा छापील पत्रकात येता कामा नये. उपासना थेट प्रक्षेपित होत असेल तर मध्यस्थीच्या प्रार्थनेपुरता आवाज बंद करणारा माणूस नेमा. आपल्याच देशात अटक झालेल्या पाळकाबद्दल तर आधी त्याच्या कुटुंबाला किंवा वकिलाला विचारावं. सद्भावनेने टाकलेली एक पोस्ट जामिनाच्या वेळी नडू शकते.

दर रविवारची दोन मिनिटं

इथे पाल्हाळ हाच शत्रू. ‘हे प्रभो, जगभरात तुझ्या नावासाठी छळ सोसणाऱ्या सर्वांना सांभाळ’ ही प्रार्थना चुकीची नाही, पण ती ऐकताना कोणी जागं राहत नाही. हिच्या जागी तीन वाक्यं लिहून काढा: कोण आणि कुठे, या आठवड्यात नेमकी गरज काय, आणि छळ करणाऱ्यांसाठी एक मागणी. उदाहरणार्थ: ‘जरांवालातल्या ज्या कुटुंबांची घरं जळाली त्यांना रात्री निर्धास्त झोप दे. त्यांच्या साक्षीदारांना कोर्टात उभं राहायचं बळ दे. ज्यांनी आग लावली त्यांच्या मुलांच्या मनात हा द्वेष उतरू देऊ नकोस.’ संपलं.

तिसरं वाक्य गाळायचा मोह होतो. गाळू नका. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञाच आहे. ते वाक्य नसलं तर वर्षभरात ही प्रार्थना नकळत ‘ते आणि आपण’ अशी होऊन बसते.

कॅथलिक घरांत यासाठी रोझरी, म्हणजे आपला तेर्स, तयारच आहे. अमेरिकी बिशप फुल्टन शीन यांनी १९५१ मध्ये पाच रंगांच्या मण्यांची जागतिक मिशन रोझरी सुरू केली: हिरवा आफ्रिकेसाठी, निळा पॅसिफिक बेटांसाठी, पांढरा युरोपसाठी, लाल अमेरिका खंडांसाठी, पिवळा आशियासाठी. रंगीत माळ मिळाली नाही तरी अडत नाही. प्रत्येक दशकाआधी, म्हणजे दहा मण्यांच्या गटाआधी, एका ठिकाणाचं नाव घ्या. मे महिन्यात वाड्यावरच्या क्रुसापाशी लादीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते तेव्हा शेवटी एक विनंती जोडता येते. मात्र लादीन ठेवणाऱ्या घराला आधी विचारा, कारण त्यांचा स्वतःचा नवस-निमित्त असतो.

कुजबुजीची उपासना

वर्षातून एकदाच करायची ही गोष्ट, पण नीट केली तर माणसं ती विसरत नाहीत. उत्तर कोरियासारख्या देशात उघड प्रार्थना करता येत नाही. तिथली उपासना कशी होत असेल याची पुसटशी कल्पना यावी एवढाच हेतू आहे. तो विसरलात तर हा नाटकाचा प्रयोग होईल.

संख्या २६ ठेवा. फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बंदिवासातून लिहिलं आणि त्याची चार अध्यायांत मिळून १०४ वचनं आहेत. प्रत्येकी चार वचनं पाठ केली की २६ जणांत अख्खं पत्र बसतं. अध्याय चारने सरळ भागत नाहीत, म्हणून अध्यायवार वाटू नका. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग क्रमांक टाका आणि चार-चारचे तुकडे पाडा. वाटप तीन आठवडे आधी करा. आदल्या आठवड्यात दिलं तर लोक खिशात चिठ्ठी घेऊन येतात. सगळ्यांनी एकच भाषांतर पाठ करायचं, नाहीतर कानाला ठेचा लागतात.

जागा घरातलीच घ्या, साधारण बारा बाय पंधरा फुटांची खोली. चर्चच्या हॉलमध्ये कुजबूज पोहोचत नाही. वेळ डिसेंबर ते फेब्रुवारीमधली संध्याकाळ. खिडक्या लावायच्या आणि पंखा बंद, कारण पंख्याच्या आवाजात कुजबूज बुडते. हे एप्रिल-मेमध्ये केलंत तर अर्ध्या तासात कोणाला तरी घेरी येणार.

लोकांनी दोघादोघांनी, पण सगळ्यांनी मिळून वीस-पंचवीस मिनिटांच्या आत यायचं. चपला दाराबाहेर काढायच्या नाहीत. हातात घेऊन आत, पिशवीत. दाराबाहेर बावन्न चपला म्हणजे आत सभा चालू असल्याची पाटीच. आपल्याकडे कोणाच्याही हे ध्यानात येत नाही, आणि पहिल्याच पावलाला विषय समजायला लागतो. मोबाईल घरी ठेवून यायचे. ज्यांना ते शक्य नाही त्यांचे बंद करून एका डब्यात.

सुरुवात एका वाक्याने. मग कोणीही न सांगता पहिला माणूस कुजबुजत आपली चार वचनं म्हणतो, मग दुसरा. एखादा विसरला किंवा आलाच नाही तर त्याच्या वचनांची जागा रिकामी सोडायची. पुस्तक उघडून भरायची नाही. दहा सेकंदांची ती शांतता घ्यायची आणि पुढे जायचं. ज्यांच्याकडे पवित्र शास्त्राची प्रत नाही आणि ज्यांचं पाठ करणारं माणूस उचललं गेलं आहे, त्यांच्याकडे ती वचनं खरोखरच नसतात. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. मग सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या एका गीताची दोन कडवी, आवाज न काढता, फक्त ओठांनी. नवीन गीत घेऊ नका. त्यानंतर पाच मिनिटं मूक प्रार्थना आणि समाप्ती. एकूण चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नये.

काय टाळायचं तेही सांगतो. तरुणांना हमखास सुचतं की मध्येच कोणीतरी दार ठोठावावं, ‘पोलीस’ म्हणून आत घुसावं. अजिबात करू नका. मुलं घाबरतात, रक्तदाबाच्या माणसांना त्रास होतो, आणि ज्यांच्यावर हे खरोखर गुदरलं आहे त्यांच्या दुःखाचा तो खेळ होतो. दहा वर्षांखालची मुलं या उपासनेत नसावीत. दाराजवळ बॅटरी आणि पाणी घेऊन एक माणूस बसवा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. बंद खिडक्यांच्या घरात पंचवीस माणसं शिरताना पाहून कोणीही विचारणारच, आणि हल्ली तर नक्कीच. संपल्यावर लगेच पांगू नका. खिडक्या उघडा, चहा द्या, दहा मिनिटं बोला. नाहीतर लोक थरार घेऊन घरी जातात, प्रार्थना नव्हे.

क्रूसाची वाट, आजच्या नकाशावर

उपवासकाळात चौदा स्थानकांची, म्हणजे येशूच्या क्रूसाच्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांची, भक्ती सगळीकडे होतेच. एका शुक्रवारी तीच आजच्या ठिकाणांशी जोडता येते. सर्वसाधारण चूक ही की स्थानकाचा प्रसंग आणि ठिकाण यांचा काही संबंधच नसतो. चौदा देशांची यादी चौदा खांबांना वाटून टाकलेली असते. जुळणी विचारपूर्वक करा. चार नमुने देतो.

पहिलं स्थानक, येशूला मृत्युदंड: पाकिस्तानचा ईश्वरनिंदेचा कायदा. ख्रिस्ती शेतमजूर आसिया बीबी यांना २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. मधली आठ वर्षं तुरुंगात गेली.

पाचवं, कुरेनेकर शिमोन क्रूस उचलतो. कुरेने आजच्या लिबियात येतं. त्याच लिबियाच्या किनाऱ्यावर मारले गेलेल्या २० कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती, मजुरांची आणि त्यांच्यासोबतच्या घानाच्या एका मजुराची चित्रफीत फेब्रुवारी २०१५ मध्ये जगासमोर आली. पोटासाठी परमुलखात गेलेली माणसं होती ती. घरटी एक माणूस बोटीवर किंवा आखातात असलेल्या गोव्याला याहून जास्त सांगावं लागत नाही.

आठवं, यरुशलेमच्या स्त्रिया: नायजेरियातल्या दाप्ची गावातून फेब्रुवारी २०१८ मध्ये ११० शाळकरी मुली पळवल्या गेल्या. बहुतेक महिन्याभरात परत आल्या. लिया शरीबू, तेव्हा चौदा वर्षांची, विश्वास सोडायला नकार दिल्यामुळे मागे ठेवली गेली.

चौदावं, येशूला कबरेत ठेवतात: ओडिशातलं कंधमाल, ऑगस्ट २००८. इथे लिहिताना हात आखडता घेऊ नका आणि सैलही सोडू नका. विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हत्येनंतर ती हिंसा उसळली, हे आधी सांगा. मग ज्यांचा त्या हत्येशी काही संबंध नव्हता अशा ख्रिस्ती गावकऱ्यांचं काय झालं ते सांगा. त्या हिंसेत मारले गेलेले कांतेश्वर डिगाल आणि त्यांच्या ३४ सोबत्यांना हुतात्मे म्हणून मान्यता देण्याची प्रक्रिया सुरू करायला व्हॅटिकनने ऑक्टोबर २०२३ मध्ये संमती दिली.

मणिपूर घ्यायचं असेल तर आणखी सावध राहा. ३ मे २०२३ पासूनचा तो संघर्ष मैतेई आणि कुकी-झो समाजांमधला, मूळ वांशिक आहे. त्यात चर्च जळाली, मैतेई ख्रिस्ती लोकांचीही जळाली. त्याला निव्वळ धर्मछळ म्हणणं खरं नाही आणि चर्च जळण्याकडे काणाडोळा करणंही खरं नाही. दहाव्या स्थानकाला, वस्त्रं काढून घेतली त्या जागी, छावणीतल्या विस्थापितांसाठी प्रार्थना शोभते, आणि ती दोन्ही बाजूंच्या विस्थापितांसाठी करावी.

प्रत्येक वाचन ८० ते १०० शब्दांचं, त्याहून मोठं नको. वाचन, मौन, प्रार्थना आणि चालणं धरून स्थानकाला तीन मिनिटं, म्हणजे सगळं पाऊण तासात होतं. चौदा वाचक वेगळे ठेवा आणि कागद मोठ्या टायपात छापा. संध्याकाळी उघड्यावर मोबाईलच्या उजेडात वाचताना निम्मे वाचक अडखळतात. स्पीकर लावलात तर रात्री दहाच्या आत आवरायचं, हे वेगळं सांगायला नको.

प्रार्थनेची भिंत

चार बाय सहा फुटांचा जगाचा नकाशा, मॅट विनाइलवर छापून ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवलेला. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि अर्धा आफ्रिका दिसत नाही. साधा कागद तर घेऊच नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या कडा वळतात आणि ऑगस्टपर्यंत बुरशी धरते. चिऱ्याच्या भिंतीला ओल असते, म्हणून फळी भिंतीला टेकवू नका. मागे इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या लावा म्हणजे हवा खेळेल आणि वाळवी लागली तर दिसेल. लोखंडी टाचण्या गंजून डाग पाडतात. पितळेच्या किंवा प्लास्टिकच्या घ्या.

नकाशा उतरवून घेताना भारताच्या सीमा पाहा. परदेशी संकेतस्थळांवरच्या कितीतरी नकाशांत जम्मू-काश्मीर वेगळं दाखवलेलं असतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे. प्रार्थनेच्या फळीवरून असलं प्रकरण कशाला ओढवून घ्यायचं?

फळीवर एकच दोरा ताणा: तुमच्या गावापासून निवडलेल्या ठिकाणापर्यंत. खाली सुतळीवर चिमट्यांनी चिठ्ठ्या लावायची सोय करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या चिठ्ठ्या काढून पाकिटात ठेवायच्या, फळी रिकामी करायची. काढल्या नाहीत तर तिसऱ्या महिन्यात नवी चिठ्ठी लावायला जागा नसते आणि लोक वाचणं सोडतात.

पत्रं आणि कार्डं

बंदिवानाला पत्र पाठवायचं तर फक्त पत्रांसाठी चालू यादी ठेवणाऱ्या संस्थेच्या सूचनांनुसार. काही कुटुंबांना पत्रं नको असतात, काही ठिकाणी पत्रामुळे मारहाण होते आणि यादी बदलत राहते. सहा महिन्यांपूर्वीचा पत्ता वापरू नका.

मजकूर पाच-सहा ओळींचा, सोप्या इंग्रजीत किंवा संस्थेने दिलेल्या त्या भाषेतल्या वाक्यांत, सुटी अक्षरं काढून. त्यात सरकारवर टीका नको, खटल्याचा उल्लेख नको, संस्थेचं नाव नको, पैसे किंवा पत्रकं नकोत. आपलं पहिलं नाव पुरे. मुलांनी काढलेलं माडाचं, होडीचं, पावसाचं चित्र चालतं. तुरुंगाचे गज आणि साखळदंड काढू देऊ नका, आत बसलेल्याला ते रोज दिसतात. तीस कार्डं एकाच दिवशी लिहून घेतली तरी टपालात आठवड्याला तीन-चार टाका. उत्तराची वाट पाहू नका, आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

मुलांचा वर्ग

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना हिंसेचं वर्णन नको. प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय पुरेसा आहे: पेत्र तुरुंगात, मंडळी योहान मार्काच्या आईच्या घरी प्रार्थना करते आहे, तो सुटून दारात येतो आणि रुदा आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. मुलं इथे हसतात, हसू द्या. मोठ्यांचा त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेवर विश्वास बसत नाही, हेही त्यांना बरोबर कळतं. मग रंगीत कागदाच्या एक बाय आठ इंचांच्या पट्ट्यांची साखळी, दर रविवारी एक कडी. त्या ठिकाणाहून चांगली बातमी आली की एक कडी तोडायची. वाईट बातमीला कडी जोडायची नाही, नाहीतर साखळी शिक्षेसारखी वाटू लागते.

पेजेचं जेवण

एका शुक्रवारी दुपारच्या जेवणाऐवजी उकड्या तांदळाची पेज आणि वाचलेल्या पैशांचं अर्पण. पन्नास जणांना चार किलो तांदूळ, तासभर भिजवलेला, आणि छत्तीस लिटर पाणी. टोप पन्नास लिटरचा हवा. शिजायला साधारण तास लागतो, मीठ शेवटी. पेज थांबली की घट्ट होते, म्हणून पाच लिटर गरम पाणी वेगळं ठेवा. तोंडी लावायला चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, बस्स. इथे कोणीतरी सुक्या सुंगटांची किसमूर आणतं, दुसरी सोलकढी आणते आणि बघता बघता मेजवानी होते. ते प्रेमाने पण ठामपणे थांबवणारी एक बाई महिला मंडळात असतेच, तिला प्रमुख करा.

अर्पण परदेशात परस्पर पाठवू नका. परकीय चलनाचे नियम आहेत. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवायचा नाही. देशातल्याच एखाद्या नोंदणीकृत मदतकार्याला पावती घेऊन दिलेलं बरं.

लाल दिव्यांचा बुधवार

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या एका बुधवारी छळ सोसणाऱ्यांच्या आठवणीसाठी अनेक देशांत चर्च लाल दिव्यांनी उजळतात. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ही प्रथा आपल्या पांढऱ्या दर्शनी भिंतींवर फार उठून दिसते. हॅलोजनवर लाल जिलेटिन कागद बांधू नका, तो वितळतो किंवा पेटतो. लाल एलईडी फ्लडलाइट घ्या, उघड्यावर चालणारे, आणि अर्थिंग तपासून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतल्या वास्तूला हात लावायचा तर लेखी परवानगी लागते. बाहेर एक छोटा फलकही ठेवा, नाहीतर लोकांना वाटेल फेस्ताची रोषणाई लवकर सुरू झाली.

गोव्यात हे बोलताना

इथे धर्मछळ हा शब्द उच्चारला की शेजारच्या हिंदू घराला वेगळंच काही आठवतं. कुठ्ठाळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा नदीपलीकडे फोंडा महालात का न्यावे लागले, हे त्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. १५६० ते १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. कुंकळ्ळीत जुलै १५८३ मध्ये पाच येशूसंघीय (जेझुइट) मारले गेले आणि त्यांना चर्चने धन्य घोषित केलं. त्यानंतर पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या गावकर नायकांना बोलावून ठार केलं, त्यांचं स्मारक त्याच गावात उभं आहे. नोव्हेंबरच्या त्या रविवारी प्रार्थनेच्या आधी हे दोन वाक्यांत मोकळेपणी बोलून टाका आणि त्या नायकांसाठीही प्रार्थना करा. न बोलता पुढे गेलात तर ऐकणारा मनात तेच म्हणत बसतो. पाकिस्तानातले अहमदिया आणि हिंदू, म्यानमारचे रोहिंग्या यांच्यासाठीही वर्षातून काही रविवार राखून ठेवा.

याच मातीत दुसरंही उदाहरण आहे. बाणावलीचे संत जुझे वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले. डच राजवटीने तिथे कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती. पोर्तुगिजांचा हेर समजून कँडीच्या राजाने त्यांना कैदेत टाकलं. तरी ते राहिले, आणि गोव्याहून त्यांचे सोबती मागोमाग जात राहिले. त्यांचं फेस्त १६ जानेवारीला असतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचा दिवस येतो; ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारलेल्या २६ जणांतले ते एक. मराठी मंडळीच्या दिनदर्शिकेत हे दोन दिवस हवेतच, आणि २६ डिसेंबरचा संत स्तेफनचाही.

नोंदवही

साधी शंभर पानी वही. डाव्या पानावर तारीख आणि काय मागितलं, उजव्या पानावर नंतर काय कळलं. उजवी पानं बरीचशी कोरी राहतील. ती कोरीच असू द्या, ‘प्रभूने ऐकलं’ असं उगाच भरू नका. सुटकेची बातमी आली तर लगेच जाहीर करण्याआधी आठवडाभर थांबा. सुटलेल्या माणसाला देश सोडायला किंवा घर बदलायला कधी कधी तेवढाच वेळ हवा असतो. मृत्यूची बातमी आली तर पुढच्या २ नोव्हेंबरला, आपल्या लोकांच्या कबरींवर फुलं वाहताना, ते नाव मोठ्याने घ्यावं. कुटुंबाने नाव काढायला सांगितलं तर त्याच दिवशी भिंतीवरून, ग्रुपवरून आणि संकेतस्थळावरून काढा, कारण विचारू नका. ऑक्टोबरच्या बैठकीत वही समोर ठेवून पुढच्या वर्षी तेच ठिकाण ठेवायचं की बदलायचं ते ठरवा. दुसऱ्या वर्षी तेच ठेवलेलं बहुधा बरं, कारण पहिलं वर्ष गावाचं नाव नीट उच्चारायला शिकण्यातच जातं.